कोकणातून मुंबईला आठवडाभर: भेटीगाठी आणि जेवणे कशी आखावीत

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडीहून आठवडाभरासाठी मुंबईला निघालेल्या माणसाच्या मनात दोन याद्या असतात. पहिली माणसांची: डोंबिवलीची नणंद, बोरिवलीचे मावसभाऊ, कॉलेजातली मैत्रीण, मुलगा शिकत असताना ज्यांच्याकडे राहिला ते दूरचे काका, आणि घरात लग्न निघाले असेल तर केळवणाचा आग्रह धरून बसलेली दोन-तीन घरे. दुसरी यादी खाण्याची: दादरची मिसळ, माटुंग्याची इडली, इराण्याकडचा ब्रून मस्का, फोर्टातले माशांचे ताट. दोन्ही याद्या प्रेमाने केलेल्या असतात आणि दोन्ही मिळून सात दिवसांत मावत नाहीत. गेली अठरा-वीस वर्षे मी दर जानेवारीत रत्नागिरीहून असा एक आठवडा मुंबईत काढते. त्यातून जे पक्के झाले ते येथे सांगते आहे.

सुरुवातीच्या एका वर्षी मी बुधवारी दुपारी डोंबिवलीला नणंदेकडे पोटभर जेवले, संध्याकाळी मुलुंडला मैत्रिणीकडे फक्त चहाला म्हणून गेले तर तिथे बटाटेवडे आणि शिरा झाला, आणि रात्री साडेनऊला गर्दीतून चेंगरत बोरिवलीला पोचले. वहिनीने सकाळीच बाजारात जाऊन ओले बोंबील आणले होते. ते चिरून, फळीवर पसरून, वर वरवंटा ठेवून पाणी निथळेपर्यंत दाबले होते, आणि मी आल्यावर गरमगरम तळता यावेत म्हणून रवा लावून ताटात मांडून ठेवले होते. मी एक बोंबील कसाबसा खाल्ला. तिने काही बोलून दाखवले नाही, पण उरलेले तुकडे ती डब्यात भरू लागली तेव्हा मला तिच्या चेहऱ्याकडे पाहवेना. तिचा सबंध दिवस माझ्या ताटासाठी गेला होता आणि मी तो वाया घालवला होता.

त्या रात्रीपासून मी एक नियम पाळते: एका दिवशी एकच रेल्वेमार्ग आणि एकच मोठे जेवण. मुंबईत जेवणापेक्षा त्या जेवणापर्यंत पोचण्यात माणूस जास्त थकतो, आणि थकलेल्या माणसाला ना चव लागते ना समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येते. म्हणून ज्या दिवशी मध्य रेल्वेवरची माणसे भेटायची त्या दिवशी पश्चिम रेल्वेकडे फिरकायचे नाही, आणि ज्या दिवशी दुपारी कोणाकडे जेवायचे त्या दिवशी रात्री मुक्कामाच्या घरी ताक-भात किंवा मुगाची खिचडी यापलीकडे काही मागायचे नाही. हा नियम पाळला की सात दिवसांत सात चांगली जेवणे आणि बारा-पंधरा माणसे निवांत होतात. यापेक्षा जास्त माणसे गाठायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निघण्यापूर्वी: वही, दिनदर्शिका आणि फोन

पंधरा दिवस आधी वहीत तीन रकाने आखावेत: पश्चिम, मध्य आणि हार्बर. प्रत्येक माणसाचे नाव त्याच्या स्टेशनासह योग्य रकान्यात लिहावे. ठाणे, मुलुंड, डोंबिवली, कल्याण एका रकान्यात; अंधेरी, गोरेगाव, बोरिवली दुसऱ्या; चेंबूर, वाशी, पनवेल तिसऱ्या. नावे अशी लिहिली की कोणते दिवस कोणत्या दिशेचे हे बहुतेक आपोआप ठरते. ज्यांची नोकरी फोर्ट किंवा नरिमन पॉइंटला आहे त्यांच्यापुढे घराऐवजी कचेरीचा पत्ता लिहावा, कारण त्यांना दुपारच्या सुट्टीत गाठणे दोघांच्याही सोयीचे असते.

मग दिनदर्शिका उघडावी. आपल्या लोकांत मासळीचे वार ठरलेले असतात: बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी किंवा शनिवारी कोणाच्या घरी काय चालते आणि काय चालत नाही हे घरागणिक बदलते. संकष्टी आणि एकादशी आठवड्यात कुठे येते तेही पाहून ठेवावे. डिसेंबरात गेलात तर मार्गशीर्षातले गुरुवार लक्षात घ्यावे लागतात. जानेवारीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवे असतात, आणि बायकांच्या संध्याकाळी पाच ते आठ या वेळा त्यात जातात. मी याकडे अडचण म्हणून पाहत नाही. एका मैत्रिणीच्या हळदीकुंकवाला गेले की तिच्या इमारतीतल्या आणखी चार ओळखीच्या बायका एका तासात भेटतात, आणि तिळगूळ व वाटीभर ओले हरभरे याहून पोटावर भार पडत नाही. माशांसाठीच जाणाऱ्यांनी जून आणि जुलै टाळावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या काळात ताटात येते ते बरेचसे बर्फातले असते.

फोन आठ दिवस आधी करावा. महिनाभर आधी केलेला फोन विसरला जातो, आणि आदल्या दिवशी केलेल्या फोनने समोरच्याची धावपळ होते. बोलतानाच नेमके सांगावे. ‘वहिनी, गुरुवारी दुपारी साडेबाराला येते, चारला निघते, जेवायला वरण-भात आणि एक भाजी पुरे’ असे म्हटले की समोरच्या बाईला दूध किती घ्यायचे, कामावरून कधी निघायचे आणि मुलांचा क्लास कसा सांभाळायचा हे सगळे ठरवता येते. ‘बघू, जमलं तर येऊ’ हे आपल्याकडे नम्रतेचे बोलणे समजले जाते, पण मुंबईत त्या एका वाक्यापायी घरातली बाई दिवसभर अडकून पडते. केळवणाला मोडता घालायचा नसतो, त्यामुळे जेथे जेवण झेपणार नाही तेथे ‘केळवण सकाळच्या न्याहारीचं करा, आम्ही नवाला येतो’ असे मोकळेपणाने सुचवावे. पोहे, ओटी आणि आशीर्वाद एवढ्यानेही केळवण पुरे होते.

मुक्काम आणि येणे-जाणे

मुक्कामाला पर्याय असेल तर तो दादरला किंवा दादरच्या जवळपास ठेवावा. पश्चिम आणि मध्य हे दोन्ही मार्ग तिथे एकत्र येतात आणि तुतारी एक्सप्रेस तर दादरलाच संपते. मुक्काम ठाण्याला किंवा पनवेलला असेल तर कोकणकन्येतून तिथेच उतरावे, सीएसएमटीपर्यंत जाऊन उलटे येण्यात अर्थ नाही. कोकणकन्या पहाटे मुंबईत पोचवते. पहिला दिवस त्यामुळे मोकळा दिसतो, आणि हाच भ्रम महागात पडतो. रात्रभर गाडीत अर्धवट झोप झालेली असते, म्हणून पहिल्या दिवशी दुपारी झोपावे आणि संध्याकाळी जवळच्याच एका घरी जाऊन यावे. मांडवीने दुपारी रत्नागिरी सोडणाऱ्यांना रात्र मुंबईत झोपायला मिळते, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना मी तीच गाडी सुचवते. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, आणि लग्नसराईत ते उघडल्याच्या दिवशीच करावे.

लोकलचे गणित एका वाक्यात मावते: सकाळी लोंढा दक्षिणेकडे येतो आणि संध्याकाळी उत्तरेकडे परततो, आपण त्याच्या उलट चालावे. दादरहून डोंबिवलीच्या नणंदेकडे जायचे तर सकाळी दहाला निघावे, दुपारी जेवावे आणि साडेपाचला परत फिरावे. जाताना बसायला जागा मिळते, येतानाही मिळते. तीच नणंद ‘रात्री जेवायलाच या’ म्हणाली आणि आपण हो म्हटले, तर सहा-सातच्या सुमारास दादरच्या फलाटावर उभे राहून डोंबिवलीची जलद लोकल पकडावी लागते, आणि ज्याला ती सवय नाही त्याने, विशेषतः हातात पिशव्या असताना, त्या गर्दीत शिरू नये. फोर्टातल्या माणसांना भेटायला सकाळी अकरानंतर निघावे आणि चारच्या आत परत फिरावे. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर बहुधा दिवसा मेगाब्लॉक असतो, आणि त्याची बातमी आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते. ती न वाचता रविवारचे जेवण ठाण्यापलीकडे ठरवू नये.

मेट्रो ३ चा आरे ते कफ परेड हा संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून दादरहून गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी आणि हुतात्मा चौक या बाजूंना जाणे फारच सोपे झाले आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसांना तर मी लोकल सोडून तीच घ्यायला सांगेन, कारण सरकते जिने आणि लिफ्ट दोन्ही आहेत. लोकलने रोज दोन-तीन फेऱ्या होणार असतील तर १, ३ किंवा ५ दिवसांचा पर्यटक पास मिळतो, तो घेतला की प्रत्येक वेळी तिकिटासाठी थांबावे लागत नाही.

सोबत काय न्यावे

हापूसचा हंगाम असेल तर प्रश्नच नाही. इतर वेळी आंबापोळी, फणसपोळी, आमसुले, कुळथाचे पीठ, हातसडीचे तांदूळ आणि कोकमाचे आगळ यांतले दोनच जिन्नस प्रत्येक घरासाठी थोडे थोडे बांधावेत. मुंबईच्या स्वयंपाकघरात ठेवायला जागा कमी असते, त्यामुळे पाच किलोंचा डबा देणे म्हणजे त्यांच्यावर ओझे टाकणे होय. आगळाची बाटली काठोकाठ भरू नये. झाकणावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून वर दोरा घट्ट गुंडाळावा आणि बाटली उभीच राहील अशी पिशवीच्या कोपऱ्यात बसवावी, कारण आगळाचा डाग साडीवरून जात नाही. सोडे किंवा सुकट न्यायची असेल तर ती स्टीलच्या फिरकीच्या डब्यात न्यावी, आणि ते घर शनिवार पाळते का एवढे आधी विचारून घ्यावे. वस्तू देताना कोणती कोणासाठी हे पुड्यावर नाव घालून लिहिले असेल तर कोणाच्या दारात पिशवी उपसत बसावे लागत नाही.

बाहेरचे जेवण: खाण्याची जागा वेगळी, गप्पांची वेगळी

मुंबईत आपल्या आवडीच्या बहुतेक उपाहारगृहांत जागा थोडी आणि माणसे फार असतात. बाहेर नावे लिहून घेतलेली मंडळी उभी असताना रिकाम्या बशा पुढ्यात ठेवून तासभर बोलत बसणे शोभत नाही, आणि वाढपी बशा उचलून पुसायचे फडके घेऊन आला की आपल्याही गप्पांचा रंग उडतो. म्हणून भेट ठरवतानाच दोन जागा ठरवाव्यात: एक खाण्याची, एक बसण्याची. दादरला खाऊन शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जावे, माटुंग्याला खाऊन पाच उद्यानांकडे चालत जावे, गिरगावात खाऊन चौपाटीवर किंवा मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसावे. जुन्या मैत्रिणींशी माझे खरे बोलणे नेहमी या दुसऱ्या जागीच झाले आहे.

दादरचा दिवस मी शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी ठेवते, कारण शनिवार-रविवारी तिथली रांग दुप्पट होते. १९१० पासून चालत आलेले मामा काणे स्टेशनाबाहेर आहे, तिथला बटाटेवडा सकाळच्या गाडीने उतरल्यावरही घेता येतो. शिवसेना भवनासमोरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातील सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हापासून परगावचे लोक मुद्दाम तिच्यासाठी येतात. मी मात्र तिथे थालीपीठ मागवते, कारण रस्सेदार मिसळ खाऊन मग दिवसभर फिरणे मला जमत नाही. ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा आणि पियूष ही जोडी उपासाच्या दिवशी कामाला येते. पियूष घट्ट आणि गोड असते, दोघांत एक पेला घेतला तरी पुरे. हे तिन्ही एकाच सकाळी करू नयेत. एकाच जागी बसावे, दोघांत तीन पदार्थ मागवावे, आणि मग चालायला लागावे.

माटुंगा ही माझी सर्वांत आवडती सकाळ आहे. कॅफे मद्रास १९४० चे, राम आश्रय १९३९ चे. दोन्हींकडे सकाळी आठच्या आत पोचले तर रांगेशिवाय बसता येते, आणि नोकरीवर जाणाऱ्या भाच्याला किंवा पुतण्याला भेटायला ही वेळ उत्तम, कारण संध्याकाळी तो केव्हा सुटेल याचा नेम नसतो. अर्ध्या तासात इडली, डोसा, फिल्टर कॉफी होते, तो कामावर जातो आणि आपला दिवस मोकळा राहतो. दुपारी केळीच्या पानावरचे जेवण हवे असेल तर १९४२ पासूनचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग स्टेशनाला लागूनच आहे. तिथे पानावर वाढप चालू असते आणि नको म्हटल्याशिवाय हात थांबत नाही, तेव्हा पहिल्या वाढीला भात कमी घ्यावा. सार आणि ताकाचा भात शेवटी येतो, त्यासाठी पोटात जागा हवी.

गिरगाव-फोर्टचा दिवस मोठ्या मंडळींसाठी राखून ठेवावा. धोबीतलावाजवळचे कयानी १९०४ चे. तिथे ब्रून मस्का, चहा आणि मावा केक घेऊन निवांत बसता येते. खाण्याची आणि बोलण्याची जागा एकच असलेली अशी ठिकाणे आता मोजकीच उरली आहेत, म्हणून इराण्याकडे गेल्यावर घाई करू नये. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे, आणि बेरी पुलावासाठी तिथे दुपारीच जावे. माझ्या सासऱ्यांना बॅलार्ड इस्टेटमध्ये नोकरी होती. ते सांगत की त्या काळी ते बाहेरून वास घेऊन पुढे जात, आत जाण्याइतके पैसे महिनाअखेरीस नसत. एका वर्षी आम्ही त्यांना घेऊन मुद्दाम गेलो. पुलावातली एकेक आंबट बेरी ते चमच्याने बाजूला काढून शेवटी खात होते.

लालबाग-परळकडे नातेवाईक असतील तर तो भाग वगळू नये. कोकणातून गिरणीत कामाला गेलेली आपली माणसे तिथे गावाच्या खोल्यांवर राहत आणि खानावळवाल्या बायकांकडे महिन्याने जेवत. त्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, पण मालवणी जेवणाची लहान ठिकाणे आणि मसाल्याची दुकाने अजून आहेत. घरातल्या वृद्ध माणसाला सोबत घेऊन गेलात तर कोणत्या चाळीत कोण राहत होते हे चालता चालता कळते, आणि मग जेवणही त्याच भागात घ्यावे.

माशांचे ताट मागवताना

कोकणातला माणूस मुंबईत मासे का खातो, असे मला गावात विचारतात. उत्तर सोपे आहे: मुंबईतली माणसे आपल्याला प्रेमाने तिथेच नेतात, कारण हे आपल्या आवडीचे आहे हे त्यांना ठाऊक असते. तेव्हा नाराजी न दाखवता नीट निवडून मागवावे. दादरला सिंधुदुर्ग आणि चैतन्य, फोर्टात महेश लंच होम आणि प्रदीप गोमंतक ही ओळखीची नावे. दुपारी सव्वाबाराच्या आत पोचावे. मासळी सकाळची असते, तवा ताजा असतो, आणि पाहुण्यांना उभे राहावे लागत नाही.

बसल्यावर आधी वाढप्याला आज काय ताजे आहे ते विचारावे, मग भाव विचारावा. पापलेट, खेकडे आणि मोठी कोळंबी यांच्यापुढे दरपत्रकात पुष्कळदा आकडा नसतो, भाव नगाच्या आकारावर ठरतो. तो न विचारता मागवले आणि बिल यजमान देणार असतील तर आपल्यामुळे त्यांना भुर्दंड बसतो, आणि ते काही बोलत नाहीत. आकार हाताने दाखवायला सांगावा, त्यात कमीपणा नाही. घरी रोज बांगडा खाणाऱ्याने तिथे पुन्हा बांगडाच मागवू नये, तसेच केवळ महाग म्हणून पापलेटही मागवू नये. तिसऱ्यांचे सुके, बोंबील आणि ताटाबरोबरची आमटी एवढ्यावरून त्या स्वयंपाकघराची पारख होते. तिसऱ्यांची प्रत्येक शिंप उघडलेली असावी. शिजूनही घट्ट मिटलेली शिंप बाजूला ठेवावी, ती फोडून खाऊ नये. बोंबलाचा तुकडा बोटांनी मोडला की आतून पांढरा, मऊ आणि कोरडा निघायला हवा. पाणी सुटले तर तो दाबलेलाच नाही असे समजावे. सोलकढी पेल्यात ओतल्यावर तिचा रंग फिकट, मातकट गुलाबी असतो आणि पेल्याच्या कडेला नारळाच्या दुधाची पुसट साय धरते. भडक गुलाबी आणि पाण्यासारखी पातळ असेल तर त्यात आगळापेक्षा दुसरेच काही जास्त आहे.

चौघे असाल तर चार ताटे मागवू नका. दोन ताटे, एक सुके, एक तळलेले आणि वेगळे वडे किंवा भाकरी घेतली की सगळ्यांना सगळे चाखता येते आणि उरत नाही. उरलेच तर बांधून घ्यावे.

बिल कोणी द्यायचे

हा प्रश्न टेबलावर सोडवायला जाऊ नये. हिसकाहिसकी होते, आवाज चढतात आणि शेजारचे पाहू लागतात. मी फोनवरच सांगते: ‘या वेळी जेवण माझ्याकडून, तुम्ही गावी आलात की तुमच्याकडे घेईन.’ वयाने किंवा नात्याने मोठे माणूस सोबत असेल तर त्यांचा मान राखून त्यांना देऊ द्यावे आणि आपण नंतरचा चहा, कुल्फी किंवा टॅक्सी आपल्याकडे घ्यावी. मेव्हण्यांच्या बाबतीत फार ताणू नये. शिकणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या भाच्या-पुतण्यांना मात्र कधीही खिशात हात घालू देऊ नये. खोलीचे भाडे काढून त्यांच्याजवळ काय उरते हे आपल्याला ठाऊक असते.

बिल हातात आले की ते वाचावे. साध्या उपाहारगृहात खाद्यपदार्थांवर ५ टक्के जीएसटी असतो. त्याशिवाय काही ठिकाणी सेवाशुल्क म्हणून वेगळी रक्कम धरलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहाला ती आपोआप बिलात लावता येत नाही, ती देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या. शांतपणे ‘हे सेवाशुल्क काढून द्या’ म्हटले की बहुधा काढून देतात. नाहीच काढले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. एकदा उपनगरातल्या एका ठिकाणी मी हे सांगितल्यावर व्यवस्थापकाने पंधरा मिनिटे ताटकळत ठेवले, पण शेवटी दुसरे बिल केले. वाढप्याला मात्र आपण होऊन काही तरी द्यावे, आणि ते त्याच्या हातात द्यावे.

कोणाच्या घरी गेल्यावर

मुंबईत कोणाच्या घरी जेवायला मिळणे ही उपाहारगृहापेक्षा मोठी गोष्ट आहे, कारण त्या घराने आपल्यासाठी वेळ काढलेला असतो. सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटे पुढे-मागे पोचावे आणि स्टेशनवर उतरल्यावर एक फोन करावा, म्हणजे भाताचा कुकर त्या हिशेबाने लागतो. दोन्ही माणसे नोकरी करत असतील तर ‘पोळी-भाजी बाहेरून मागवू या, आमटी-भात तेवढा घरी करा’ असे आपणच म्हणावे. बाहेरून मागवले म्हणून पाहुणचारात उणे येत नाही. तिने मोकळेपणाने मान डोलावली की तिच्या खांद्यावरचे ओझे उतरल्याचे दिसते. जेवणानंतर आपले ताट उचलून मोरीत न्यावे. ‘राहू द्या हो आत्ये’ असे ती म्हणतेच, तरी न्यावे. घरातल्या मुलांची परीक्षा असेल तर त्यांना गप्पांसाठी बाहेर बोलावू नये.

निघण्याची वेळ आपण पाळावी, कारण यजमान ‘बसा हो’ म्हणतच राहणार. रात्री गेलात तर साडेनऊला उठावे, म्हणजे त्यांना ओटा आवरून साडेदहाला झोपता येते. पहाटे पाचची लोकल पकडणारी माणसे त्या शहरात पुष्कळ आहेत.

एक संध्याकाळ नाटकासाठी ठेवावी असे मी आवर्जून सांगेन. दादरचे शिवाजी मंदिर, माटुंग्याचे यशवंत, पार्ल्याचे दीनानाथ किंवा ठाण्याचे गडकरी रंगायतन यांपैकी जे त्या दिवसाच्या मार्गावर असेल तिथली चार-पाच तिकिटे आधी काढून ठेवली, तर ज्यांच्या घरी जाणे जमत नाही अशा दोन कुटुंबांना एकदम भेटता येते. मध्यंतरातला बटाटेवडा आणि चहा हेच त्या रात्रीचे जेवण समजावे.

पोट आणि परतीचा दिवस

रोज सकाळी कोमट पाणी, दिवसभर जवळ पाण्याची बाटली आणि रात्री आमसुलाचे सार किंवा ताक एवढे पथ्य मला पुरते. आठवड्यात एक सबंध दिवस कुठेही न जाता ठेवावा. माझा तो दिवस गुरुवार असतो. त्या दिवशी मुक्कामाच्या घरचा स्वयंपाक मी करते, कुळथाचे पिठले आणि भात, आणि ज्यांनी आठवडाभर आपल्याला ठेवून घेतले त्यांच्याशी बोलणे होते. हे बोलणे राहून जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो.

परतीच्या दिवशी कोणाचेही आमंत्रण घेऊ नये. कोकणकन्या रात्री उशिरा सुटते, त्यामुळे संध्याकाळ मोकळी वाटते, पण सामान बांधण्यात आणि घरच्यांचा निरोप घेण्यात ती पुरत नाही. दहीभाताचा डबा आणि दोन केळी सोबत घ्यावी. मी गाडीत बसले की तीच तीन रकान्यांची वही काढते. कोणाकडे काय खाल्ले, कोणाच्या मुलीचे लग्न ठरते आहे, कोणाला गोड बंद केले आहे हे लिहून घेते, आणि ज्यांना या खेपेस भेटता आले नाही त्यांची नावे पुढच्या कोऱ्या पानावर सर्वांत वर घालते. पनवेल येईपर्यंत हे लिहून होते, मग अंथरूण घालून दिवा मालवते.